एका म्यानात दोन लिबसी : डेबियनचं मल्टिआर्च

६४-बिटी डेबियनवर एखादा जुना ३२-बिटी प्रोग्राम चालवायला गेलात की बहुतेक वेळा पहिलं उत्तर हे मिळतं (बॅश ५.२ पासून शब्द ‘कॅनॉट एक्झिक्युट: रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड’ असे आहेत) :

बॅश: ./प्रोग्राम: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी

(कमांड, फाइलींची नावं आणि चुकांचे संदेश इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचे.)

फाइल तर डोळ्यांसमोर आहे. एलएस ती दाखवतंय, परवानग्या बरोबर आहेत, एक्झिक्युट बिटही लावलेला आहे. तरी शेल म्हणतं फाइलच नाही. शेल खोटं बोलत नाही, फक्त कुठली फाइल ते सांगत नाही. सापडत नाहीये तो तुमच्या प्रोग्रामचा लोडर, म्हणजे लागणाऱ्या लायब्रऱ्या जोडून प्रोग्राम सुरू करून देणारी फाइल. प्रत्येक डायनॅमिक ईएलएफ (लिनक्सवरच्या बायनरींचा साचा) फाइलीच्या पोटात तिच्या लोडरचा पूर्ण पत्ता कोरलेला असतो. ‘फाइल’ कमांड तिच्यावर चालवून बघा. ईएलएफ ३२-बिट, इंटेल ८०३८६ आणि शेवटी इंटरप्रिटर /लिब/एलडी-लिनक्स.एसओ.२ असं दिसेल. ही इंटरप्रिटरची फाइल, म्हणजेच लोडर, ३२-बिटी लिबसी६ (सी लायब्ररी) पॅकेजातून येते. ते पॅकेज मशीनवर नसेल तर कर्नल हात वर करतो, आणि शेल त्याचाच निरोप जसाच्या तसा तुमच्या तोंडावर मारतं.

इथे लोक एलडीडी (लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी देणारी कमांड) चालवतात आणि आणखी गोंधळतात, कारण ते म्हणतं ‘नॉट अ डायनॅमिक एक्झिक्युटेबल’. एलडीडी स्वतः काही वाचत नाही, ते लोडरलाच कामाला लावतं. आणि इथे तर लोडरचाच पत्ता नाही. अशा वेळी रीडेल्फ -डी चालवून ‘नीडेड’च्या ओळी वाचाव्यात. कुठल्या लायब्रऱ्या लागणार ते त्या काहीही न चालवता सांगतात.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. मल्टिआर्च, म्हणजे एकाच मशीनवर अनेक आर्किटेक्चरची (प्रोसेसरच्या जातींची) पॅकेजं बसवायची सोय, हा त्यावरचाच इलाज. ३२-बिटी सी लायब्ररीचं नाव लिबसी.एसओ.६ आणि ६४-बिटीचंही लिबसी.एसओ.६. दोन्ही /यूएसआर/लिब मध्ये ठेवायच्या म्हटलं तर एका म्यानात दोन तलवारी. रेड हॅट आणि सूसेने सोपा मार्ग धरला : ३२-बिटीला /यूएसआर/लिब आणि ६४-बिटीला /यूएसआर/लिब६४. घरात दोनच भाडेकरू असतील तर हे छान चालतं. पण डेबियनकडे आर्मईएल आणि आर्मएचएफ अशी दोन आर्किटेक्चर होती. दोन्ही आर्म, दोन्ही ३२-बिटी. फरक इतकाच की फंक्शनला दशांश आकडे देताना एक साध्या रजिस्टरांतून देतं आणि दुसरं फ्लोटिंग पॉइंटच्या रजिस्टरांतून. यातलं ‘६४’ कोण? मिप्सवर तर ओ३२, एन३२ आणि एन६४ असे तीन एबीआय, म्हणजे बायनरींनी एकमेकींशी बोलायचे करार. बिटांची संख्या हा पत्ता म्हणून अपुरा पडतो, हे डेबियनवाल्यांना लवकर उमगलं.

तोवरची सोय म्हणजे आयए३२-लिब्ज नावाचं गाठोडं. डझनांनी ३२-बिटी लायब्रऱ्या उचलायच्या, एकत्र कोंबायच्या आणि वर एएमडी६४ (६४-बिटी इंटेल/एएमडी) पॅकेज अशी चिठ्ठी लावायची. मूळ लायब्ररीत सुरक्षेची दुरुस्ती आली तरी कुणीतरी गाठोडं पुन्हा बांधेपर्यंत आतली प्रत जुनीच. डेबियन ७ व्हीझीत ते नावापुरतं उरलं आणि नंतर गेलं. त्याबद्दल कुणी हळहळल्याचं ऐकिवात नाही.

मल्टिआर्चने काय केलं, तर प्रत्येक एबीआयला स्वतःचा पत्ता दिला. एएमडी६४च्या लायब्रऱ्या /यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू मध्ये, आय३८६च्या (३२-बिटी इंटेल) /यूएसआर/लिब/आय३८६-लिनक्स-जीएनयू मध्ये, आर्म६४च्या /यूएसआर/लिब/एआर्च६४-लिनक्स-जीएनयू मध्ये. आर्मईएल आणि आर्मएचएफचे पत्ते शेवटच्या तुकड्यात वेगळे होतात : एकाचा जीएनयूईएबीआय, दुसऱ्याचा जीएनयूईएबीआयएचएफ. पत्ते तयार करण्याचा आराखडा बराच आधीपासून चर्चेत होता. उबंटूसाठी त्याचं नेमकं स्पेसिफिकेशन लिहून तो तडीस नेण्यात स्टीव्ह लँगासेक यांचा मोठा वाटा. २०११ सालच्या उबंटू ११.०४ मध्ये लायब्रऱ्या नव्या पत्त्यांवर हलायला लागल्या. पॅकेज बसवणाऱ्या डीपीकेजीच्या मूळ आवृत्तीत आधार आला तो १.१६.२ मध्ये, आणि मे २०१३च्या डेबियन ७ व्हीझीत तो सगळ्यांच्या हाती पडला.

एक गोष्ट मात्र हलवता आली नाही : लोडर. त्याचा पत्ता एबीआयनेच ठरवलेला आणि जगातल्या प्रत्येक बायनरीत कोरलेला. सुदैवाने एएमडी६४, आय३८६, आर्मएचएफ आणि आर्म६४ या सगळ्यांच्या लोडरची नावं वेगवेगळी आहेत, त्यामुळे ते गुण्यागोविंदाने नांदतात. पण ३२-बिटी पॉवरपीसी आणि मिप्सचा ओ३२ दोघंही /लिब/एलडी.एसओ.१ मागतात. ते एका मशीनवर एकत्र बसणारच नाहीत.

पत्ता हा निम्मा भाग झाला. उरलेला निम्मा पॅकेजच्या कंट्रोल फाइलीतल्या ‘मल्टि-आर्च’ या एका ओळीत आहे, आणि सगळी गंमत तिथेच. या ओळीत ‘सेम’ लिहिलं की त्या पॅकेजच्या दोन आर्किटेक्चरच्या प्रती शेजारी-शेजारी बसतात, पण प्रत्येक प्रत फक्त आपल्याच आर्किटेक्चरच्या पॅकेजांची गरज भागवते. लायब्रऱ्या असतात त्या या जातीच्या. ‘फॉरेन’ म्हणजे प्रत एकच, पण ती कुणाचीही गरज भागवते. बॅश किंवा सेड याचं उदाहरण : ३२-बिटी पॅकेजाला सेड हवं असेल तर ते ६४-बिटी असलं तरी काय बिघडतं, आउटपुट तर तेच येणार. तिसरं ‘अलाउड’. पर्ल आणि पायथॉन३ इथे बसतात. स्क्रिप्ट चालवायची तर कुठल्याही आर्किटेक्चरचा पायथॉन चालतो. पण सीमध्ये लिहिलेलं एक्सटेन्शन पायथॉनच्या प्रोसेसमध्येच लोड होतं, त्याला जातभाईच लागतो. म्हणून निर्णय मागणाऱ्या पॅकेजावर सोपवलेला आहे : चालेल तर त्याने ‘पायथॉन३:एनी’ असं मागावं, नाहीतर नुसतं ‘पायथॉन३’.

ओळच नसेल तर अर्थ ‘नाही’. यातून एक खोच निघते आणि ती भल्याभल्यांना चकवते. ‘आर्किटेक्चर: ऑल’ असलेलं पॅकेज, म्हणजे नुसती चित्रं, डेटा किंवा स्क्रिप्ट, हे सगळ्यांना चालणारच असं आपण धरून चालतो. डीपीकेजी तसं धरत नाही. ते त्या पॅकेजला मशीनच्या मूळ आर्किटेक्चरचं मानतं. त्यामुळे एखादं आय३८६ पॅकेज एका डेटा पॅकेजावर अवलंबून असेल आणि त्या डेटा पॅकेजात ‘मल्टि-आर्च: फॉरेन’ लिहिलेलं नसेल, तर एपीटी (पॅकेजं शोधून आणणारा डीपीकेजीचा वरचा साथीदार) म्हणतं की ते मिळतच नाही. दोष ३२-बिटी लायब्ररीत शोधण्यात वेळ घालवू नका. डेटा पॅकेजातली एक ओळ राहिली आहे, तिथे बग नोंदवा.

आणि बायनरींचं काय? /यूएसआर/बिन एकच आहे आणि एकच राहणार. रेड हॅटचा पॅकेज मॅनेजर आरपीएम इथे एक युक्ती करतो. ते ईएलएफ फाइलींना ‘रंग’ देतं, ३२-बिटीला १ आणि ६४-बिटीला २. एकाच नावाच्या दोन बायनरी भिडल्या की पसंतीच्या रंगाची ठेवतं, दुसरी मुकाट्याने वगळतं. डेबियन सरळ नकार देतं : लायब्ररीच्या पॅकेजात बायनरी ठेवू नका, वेगळ्या पॅकेजात काढा. मला हेच बरं वाटतं. पॅकेज मॅनेजर इन्स्टॉल झालं म्हणाला तर त्यातली प्रत्येक फाइल डिस्कवर असावी, एवढी साधी अपेक्षा आहे.

प्रत्यक्षात चालू करायला तीन-चार ओळी पुरतात. आधी मशीन पूर्ण अपडेट करून घ्या. हे शिष्टाचारापुरतं सांगत नाही, कारण पुढे येतंय. मग :

सुडो डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आय३८६
सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल लिबसी६:आय३८६ लिबएसटीडीसी++६:आय३८६ झेडलिब१जी:आय३८६

डीपीकेजी --प्रिंट-फॉरेन-आर्किटेक्चर्स दिल्यावर आय३८६ दिसलं की नोंद झाली. नंतर रीडेल्फच्या यादीतल्या ज्या लायब्रऱ्या उरतील त्या एपीटी-फाइल -ए आय३८६ सर्च असं म्हणून शोधायच्या. डेबियन १३ आणि उबंटू २४.०४ वर काही पॅकेजांच्या नावाला ‘टी६४’ शेपूट लागलेलं दिसेल, उदाहरणार्थ लिबजीटीके-३-०टी६४. जुन्या लेखांतली नावं तिथे जशीच्या तशी चालतीलच असं नाही.

अपडेट करताना तिऱ्हाईत रिपॉझिटरीबद्दल ‘स्किपिंग ॲक्वायर’ने सुरू होणारी सूचना येऊ लागेल. त्या रिपॉझिटरीत आय३८६ नाहीच, तरी एपीटी दर वेळी विचारतं, एवढाच तिचा अर्थ. निरुपद्रवी आहे. डोक्यात जात असेल तर त्या सोर्सच्या ओळीत चौकटी कंसात आर्च=एएमडी६४ लिहा; नव्या पद्धतीच्या .सोर्सेस फाइलीत ‘आर्किटेक्चर्स: एएमडी६४’ ही ओळ.

उबंटूवर आर्म६४ जोडणाऱ्यांना मात्र ४०४ चुकांचा पाऊस भेटतो. २४.०४ मध्ये एएमडी६४ आणि आय३८६ची पॅकेजं आर्काइव्ह सर्व्हरवर आहेत आणि आर्म६४ची पोर्ट्‌स सर्व्हरवर, उबंटू-पोर्ट्‌स या फोल्डरखाली. एपीटीला हे ठाऊक नसतं, ते सगळीकडे सगळं मागत सुटतं. म्हणून उबंटू.सोर्सेस मधल्या आहे त्या प्रत्येक परिच्छेदात ‘आर्किटेक्चर्स: एएमडी६४ आय३८६’ घाला आणि खाली पोर्ट्‌सचा पत्ता व ‘आर्किटेक्चर्स: आर्म६४’ असलेला नवा परिच्छेद जोडा. सिक्युरिटीचा परिच्छेद वेगळा असतो. तो हमखास विसरला जातो.

आता सगळ्यात भीतीदायक प्रकार. तुम्ही एक छोटी ३२-बिटी लायब्ररी मागता आणि एपीटी उत्तरादाखल अर्धा डेस्कटॉप काढून टाकायचा बेत मांडतं. इथे थांबा, ‘वाय’ दाबू नका. ‘सेम’ जातीच्या पॅकेजाला एक कडक अट आहे : सगळ्या आर्किटेक्चरच्या प्रतींची आवृत्ती शेवटच्या अक्षरापर्यंत सारखी हवी. तुमच्याकडची ६४-बिटी प्रत एखाद्या तिऱ्हाईत रिपॉझिटरीतून आलेली असेल, नव्या मेसासाठी (ग्राफिक्सचे मुक्त ड्रायव्हर) जोडलेली वगैरे, आणि तिथे ३२-बिटी प्रत नसेल, तर जोडी जुळत नाही. मग एपीटी ६४-बिटी प्रतच काढून आवृत्ती जुळवू पाहतं आणि तिच्यावर उभी असलेली सगळी इमारत यादीत येते. एपीटी पॉलिसी लिबअमुक:एएमडी६४ लिबअमुक:आय३८६ असं एकत्र विचारा. दोन आकडे शेजारी दिसले की कोण पुढे गेलंय ते कळतं. नाव=आवृत्ती असं लिहून पुढे गेलेली प्रत मागे आणा, मग ३२-बिटी मागा. सिडवर (डेबियनच्या सतत बदलत्या शाखेवर) हीच गत तिऱ्हाईत रिपॉझिटरीशिवायही होते, कारण एका आर्किटेक्चरचं बिल्ड आधी संपतं आणि दुसऱ्याचं नंतर. तिथे काही तास थांबणं हाच उपाय.

दुसरा प्रकार शांत असतो, म्हणून जास्त छळतो. सगळ्या लायब्रऱ्या सापडतात, प्रोग्राम सुरू होतो, पण थ्रीडी गोगलगायीच्या गतीने चालतं, आवाज येत नाही किंवा स्थानिक यंत्रांची नावं ओळखली जात नाहीत. कारण या गोष्टी ‘नीडेड’च्या यादीत नसतातच. प्रोग्राम चालू असताना डीएलओपन या फंक्शनने त्या उचलल्या जातात आणि ३२-बिटी प्रोसेसला ३२-बिटी प्लगइनच लागतात. ग्राफिक्ससाठी लिबजीएल१-मेसा-डीआरआय:आय३८६ आणि मेसा-व्हल्कन-ड्रायव्हर्स:आय३८६ आहेत का बघा. ऑडिओसाठी अल्साचे प्लगइन. नावं शोधण्यासाठी लिबएनएसएस-एमडीएनएस किंवा एसएसएसडीचं मॉड्यूल. एनव्हिडियाचा बंद ड्रायव्हर असेल तर त्याच्या ३२-बिटी लायब्रऱ्यांची आवृत्ती कर्नल मॉड्यूलशी तंतोतंत जुळायला हवी. एलडी_डीबग=लिब्ज असं पुढे लावून प्रोग्राम चालवा. लोडर कुठे-कुठे शोधतो आणि कुठे निराश होतो ते ओळीओळीने दिसतं.

‘राँग ईएलएफ क्लास’ हा संदेश बहुधा एलडी_प्रीलोडमुळे येतो. ६४-बिटी लायब्ररीचा पत्ता एन्व्हायरन्मेंटमध्ये घातलेला असतो आणि ३२-बिटी मुलाकडेही तोच वारसा जातो. लोडर ती सोडून पुढे जातो, प्रोग्राम चालतो. घाबरायचं कारण नाही.

क्रॉस कंपाइलिंग, म्हणजे एका आर्किटेक्चरवर बसून दुसऱ्यासाठी बायनरी बांधणं, करणाऱ्यांना मल्टिआर्चचा खरा फायदा. क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-आर्म६४ घातलं, आर्म६४ जोडलं आणि लिबएसएसएल-डेव्ह:आर्म६४ मागितलं की झालं. हाताने सिसरूट (दुसऱ्या आर्किटेक्चरच्या लायब्रऱ्या-हेडरांचं वेगळं फोल्डर) बांधत बसायला नको. सापळा पीकेजी-कॉन्फिगचा, म्हणजे लायब्ररी कुठे आहे ते कंपायलरला सांगणाऱ्या कमांडचा. नुसतं पीकेजी-कॉन्फिग एएमडी६४च्या फाइली वाचतं, आणि मग लिंकर ‘स्किपिंग इनकंपॅटिबल’ म्हणत राहतो. त्याचा एआर्च६४-लिनक्स-जीएनयू-पीकेजी-कॉन्फिग हा जुळा भाऊ वापरा. एन्व्हायरन्मेंटनेच करायचं असेल तर पीकेजी_कॉन्फिग_लिबडीर बदला. पीकेजी_कॉन्फिग_पाथ नव्हे : तो शोधाच्या जागांत भर घालतो, जुन्या जागा तशाच ठेवतो. आणि जीसीसी-मल्टिलिब या क्रॉस कंपायलरांच्या सोबत बसत नाही, कारण ते /यूएसआर/इन्क्लूड/एएसएम अशी एक लिंक ठेवतं जी फक्त एक्स८६लाच खरी. ३२-बिटी एक्स८६ही हवं असेल तर क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-आय३८६ घ्या.

ज्यांना स्वतःचं लायब्ररी पॅकेज मल्टिआर्चमध्ये आणायचं आहे त्यांच्यासाठी एक फाइल जवळून बघण्यासारखी आहे. ‘सेम’ जातीच्या दोन प्रतींत /यूएसआर/शेअर खालची एखादी फाइल सामाईक असेल तर डीपीकेजी ती एकदाच ठेवतं आणि दोघांच्या नावे नोंदवतं. अट अशी की ती बाइटन् बाइट सारखी हवी. आता .जीझेड केलेलं एक निरुपद्रवी रीडमी घ्या. मजकूर तोच, लांबी तीच. तरी डीपीकेजी अडतं : ‘ट्राइंग टू ओव्हरराइट शेअर्ड’ अशी तक्रार. सीएमपी चालवा, फरक पाचव्या ते आठव्या बाइटमध्ये निघेल. जीझिप तिथे फाइलीची वेळ लिहितं, आणि दोन बिल्ड मशीनवर ती फाइल वेगवेगळ्या सेकंदाला तयार झालेली असते. उपाय एका अक्षराचा : जीझिप -९एन. तो ‘एन’ लावला की ते चार बाइट शून्य होतात. पॅकेज बांधायला मदत करणारं डेबहेल्पर हे स्वतःच करतं. हाताने रूल्स लिहिणारे अडकतात.

असेच इतर गुन्हेगार म्हणजे डॉक्सिजनने पानाखाली छापलेली तारीख, साइझऑफचे आकडे असलेल्या तयार होणाऱ्या हेडर फाइली (त्या /यूएसआर/इन्क्लूड खाली आर्किटेक्चरच्या फोल्डरमध्ये हलवा) आणि /यूएसआर/बिन मधली अमुक-कॉन्फिग नावाची स्क्रिप्ट, जी लिबडीर छापते. ती काढून टाका, .पीसी फाइल पुरते. बाकी काम हलकं आहे : डेबहेल्पर कंपॅट ९ पासून लिबडीर आपोआप योग्य पत्त्यावर जातो, .इन्स्टॉल फाइलीत यूएसआर/लिब/*/लिब*.एसओ.* एवढं लिहायचं. ‘सेम’ची ओळ मात्र दोन आर्किटेक्चरचं बिल्ड करून, उघडून, डिफ केल्याशिवाय लिहू नका. आणि ‘फॉरेन’ची त्याहून जपून. चुकीचं ‘सेम’ इन्स्टॉल करतानाच ओरडतं, चुकीचं ‘फॉरेन’ मुकाट राहतं आणि दुसऱ्याच कुणाचं क्रॉस बिल्ड मोडतं.

आय३८६ आता राहिलंय तेच मुळी या कामापुरतं. उबंटूने २०१९ मध्ये ते पूर्ण काढायचं जाहीर केलं, स्टीम आणि वाइन वापरणाऱ्यांनी आरडाओरडा केला आणि निवडक पॅकेजं ठेवली गेली. ९ ऑगस्ट २०२५ला आलेल्या डेबियन १३ ट्रिक्सीत आय३८६ला कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. ६४-बिटी मशीनवर जुनं सॉफ्टवेअर चालवण्यासाठी ते आहे, आणि नाव ३८६चं असलं तरी प्रोसेसरला एसएसई२ लागतं. आर्मएचएफवर वेळेचा आकडा ६४-बिटी केला, आय३८६वर मुद्दाम केला नाही, कारण जुन्या बायनरी चालवणं हाच तर त्याचा हेतू. म्हणजे १९ जानेवारी २०३८ला तिथलं घड्याळ उलटणार. बिगर-युनिकोड फॉन्टांच्या जमान्यातली डीटीपीची ३२-बिटी विंडोज सॉफ्टवेअरं वाइनवर चालवणाऱ्या आपल्याकडच्या छापखान्यांनी वाइनच्या नव्या डब्ल्यूओडब्ल्यू६४ पद्धतीकडे लक्ष ठेवावं. २०२४च्या वाइन ९.० पासून ती बरीचशी वापरण्याजोगी झाली आहे, आणि तिला लिनक्सच्या ३२-बिटी लायब्रऱ्या लागतच नाहीत.

तसं जमलं आणि आय३८६ काढायचं ठरलं, तर क्रम उलटा. डीपीकेजी --रिमूव्ह-आर्किटेक्चर आधी दिलंत तर ते आर्किटेक्चर वापरात आहे म्हणून नाकारलं जाईल. आधी डीपीकेजी -एलच्या यादीतून :आय३८६ असलेल्या ओळी ग्रेपने काढून वाचा. मग एपीटी-गेट पर्ज '.*:आय३८६' द्या, अवतरणचिन्हांसकट, आणि -वाय न लावता. काढायच्या यादीत :आय३८६ शेपूट नसलेलं काही दिसलं तर ‘एन’ दाबून ते कशामुळे आलं ते आधी शोधा. यादी स्वच्छ असेल तर होऊ द्या, त्यानंतर आर्किटेक्चर काढा आणि एकदा एपीटी अपडेट चालवा. /व्हार/लिब/एपीटी/लिस्ट्‌स मधल्या आय३८६च्या याद्या तेव्हाच जातात.